डाव्या हाताची वर्तुळं

ट्रेमधलं पुढचं नाणं त्याने भिंगाखाली घेतलं आणि त्याचा हात थांबला, जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तसा. नाणं चांदीचं होतं. एका बाजूला केसांत गव्हाच्या ओंब्या माळलेली बाई, दुसऱ्या बाजूला शिडं फुगलेलं गलबत. अशी नाणी त्याच्या हाताखालून रग्गड गेली होती, ती बाई त्याला नात्यातल्या माणसासारखी पाठ होती. पण या नाण्याच्या कडेला, डोलकाठीच्या बरोबर वर, मोहरीएवढी एक ठेच होती, आणि ही ठेच कुठे बसली ते त्याला माहीत होतं. वडिलांच्या हातून हे नाणं दगडी जिन्यावर पडलं तेव्हा तो आईच्या पोटात होता म्हणे. पण दादाने ती गोष्ट त्याला इतक्यांदा सांगितली होती, पायरीपायरीचा आवाज काढून सांगितली होती, की तो टणत्कार त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला आहे असंच त्याला वाटे. हे दादाचं नाणं होतं. इथे कसं आलं, हा प्रश्न त्याच्या मनात उशिरा आला. आधी दुसरीच गोष्ट दिसली, आणि ती दिसल्यावर तो भिंगापासून मागे सरला, डोळे मिटले, पुन्हा वाकला. दादाचं नाणं काळं होतं. कबुतराच्या मानेवर असतो तसला काळा रंग, कडेकडे जांभळा होत जाणारा, मध्ये जरासा हिरवा. हे पांढरं होतं. नव्या चमच्यासारखं पांढरंफटक.

खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला. बाहेर सकाळ आहे की दुपार, ते इथे कळत नसे, कळूही द्यायचं नसे. उजेड फक्त टेबलावरच्या दिव्याचा, सगळ्यांच्या टेबलावर एकाच जातीचा, कारण उजेड बदलला की नाणं बदलतं. नाणं कुणाचं आहे हे पारखणाऱ्याला सांगत नसत. कागदी पाकिटावर नुसता क्रमांक. तीन जणांनी आपापलं बघायचं, एकमेकांना न विचारता ग्रेड द्यायची, मग साहेब तिन्ही मतं बघून शेवटचं ठरवणार, आणि नाणं प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद होऊन घरी जाणार. ओळखीचं नाणं निघालं तर ते खाली ठेवून साहेबांना सांगायचं, असा नियम होता. इतक्या वर्षांत त्याला तो कधी लागला नव्हता. त्याच्या ओळखीचं कोण नाणी पाठवणार होतं? ओळखीची माणसं तशी उरली होती कुठे?

“काय हो, बाईच्या प्रेमात पडलात का?” शेजारच्या टेबलावरून आवाज आला. तिला सगळे मावशी म्हणत, वयाने ती त्याच्याहून लहान असूनसुद्धा. सगळ्यांच्या भानगडींत तिला मावशीच्या मायेने डोकावायला आवडे म्हणून. “केव्हाचे तिच्याच तोंडाकडे बघताय.”

“धुतलंय कुणीतरी,” तो म्हणाला.

“मग धुतलंय म्हणून लिहा नि सोडा. आपण काय नाण्याचे सासरचे आहोत, मानपान करत बसायला?”

त्याने नाणं दिव्याखाली हळूहळू कलतं केलं. टांकसाळीत ठसा पडतो तेव्हा धातू मधून कडेकडे वाहत जातो आणि वाहिल्याच्या रेघा मागे ठेवतो, डोळ्याला न दिसणाऱ्या. कोऱ्या नाण्याला कलतं केलं की त्या रेघांवरून उजेड गोल फिरतो, सायकलच्या चाकात ऊन फिरावं तसा. हे चाक नाण्याला एकदाच मिळतं. वर काळा थर चढला तरी ते थराखाली फिरत राहतं, झाकल्या डोळ्यांच्या आत बुबुळ फिरावं तसं. पण फडक्याने, सोड्याने, प्रेमाने, कशानेही घासलं की ते मोडतं, आणि ते पुन्हा बसवणारा कारागीर अजून जन्मलेला नाही. त्याने नाणं डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं. उजेड जिथल्या तिथे उभा होता, मेल्यासारखा. मग त्याने भिंग आणखी जवळ घेतलं आणि घासण्याच्या रेघा बघितल्या. बहुतेक माणसं आडवं-उभं घासतात, घाईची माणसं एकाच दिशेने. इथे वर्तुळं होती. बोटाच्या पेराएवढी लहान लहान वर्तुळं, एकात एक अडकलेली, कडेपासून आत आलेली, जराही न चुकवता, ओंब्यांच्या दाण्यादाण्यातून, नाकाच्या कडेने, ओठांच्या कोपऱ्यातून. आणि सगळी उलटी. दाब डाव्या अंगाला.

त्याची मान आपोआप आखडली. कानामागची कातडी आठवली त्याला, स्वतःची, लहानपणची. शाळेत फोटो काढणारा यायचा होता त्या सकाळी वहिनीने त्याला मोरीत उभं केलं होतं. वहिनी घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. आई जाऊन मात्र बरेच झाले होते. नवी नवरी, तिला घरात काय कुठे आहे ते अजून सापडत नव्हतं, पण हा मुलगा सापडला होता, मळकट, कोपऱ्यात बसणारा. एका हाताने तिने त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्या, डाव्या हाताने ओल्या फडक्याने तोंड घासायला लागली, लहान लहान वर्तुळं करत, कपाळाच्या कडेपासून आत, नाकाच्या कडेने, ओठांच्या कोपऱ्यातून, मग कानामागे, मग मानेवर. “हलू नका भावजी. मळ आहे का लिंपण आहे हे? फोटोत उद्या लोक विचारतील, या पोराला कुणी आहे की नाही.” आत्या दारातून म्हणाली होती, “डावरी ती डावरी, उलटंच घासणार.” वहिनी आणखी जोरात घासायला लागली होती. त्या फोटोत त्याचे गाल भाजल्यासारखे दिसत होते. सगळ्या वर्गात सगळ्यांत स्वच्छ तोच होता.

तर हे तिने घासलं. आपल्या हातात येणार म्हणून घासलं. परक्या दारात पोराला पाठवायचं तर तोंड धुऊन पाठवायचं, तसं. त्याला हसू आलं आणि ते तिथेच थांबलं, कारण तोवर भिंगाखालच्या बाईचा गाल त्याने नीट बघितला होता.

त्या गालावरूनच सगळं झालं होतं. वडिलांच्या माघारी नाण्यांची वाटणी झाली तेव्हा दादाने हे एवढं काळं नाणं आधी उचललं होतं आणि बाकीच्यांतलं तू म्हणशील ते तुझं म्हणाला होता. तो तेव्हा या ऑफिसात नवा नवा लागला होता. नव्या भिंगाची ऐट काय सांगावी! त्याने नाणं बघून सांगितलं की वरचा थर छान आहे, पण गालावर झीज आहे, हे नाणं बाजारात फिरलेलं आहे. दादा म्हणाला, एक दिवसही फिरलेलं नाही. थराखाली चाक फिरतंय, मला दिसतंय. ज्या दादाने त्याला नाण्यांची अक्षरं शिकवली, ज्याने छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून संध्याकाळी त्याच्याबरोबर वडिलांचा डबा उघडला, त्या दादाला तो म्हणाला, “दिसतंय म्हणून चालत नाही, दादा. पाठव आमच्याकडे, डबीत घाल, आकडा येऊ दे.” दादा म्हणाला, “माझं नाणं मी तुमच्या डबीत कोंडणार नाही.” “मग तुझं खरं कशावरून?” यावर दादा नुसतं “बरं” म्हणाला होता. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. त्या ‘बरं’ला कुठून हात घालायचा ते दोघांनाही कळलं नाही. आधी जाणं कमी झालं, मग फोन, मग दुसऱ्यांकडून कळणं. दादाच्या फुप्फुसांचं काही खरं नाही, असं चुलतबहिणीने कळवलं त्यालाही एक हिवाळा उलटला होता, आणि जाऊ जाऊ म्हणता तो गेला नव्हता.

आता थर नव्हता. जे डोळ्याला अंदाजाने बघावं लागत होतं ते उघडं पडलं होतं, आणि गालावर झीज नव्हती. वर्तुळांच्या रेघा होत्या, पण त्या रेघांखाली गालाचा उंचवटा ठसा पडल्या दिवशी होता तसाच भरलेला होता. कानावरची बट सुटी होती, ओंबीचं कुसळन् कुसळ टोकदार होतं. फिरलेल्या नाण्याचं आधी कुसळ जातं. हे नाणं कधीच कुठे फिरलं नव्हतं. दादाला दिसत होतं ते खरं होतं. पण घासलेल्या नाण्याला आकडा देत नसत, आणि ज्या फडक्याने हे दाखवलं त्याच फडक्याने आता त्याला आकडा मिळण्याची सोय ठेवली नव्हती.

साहेबांना सांगायला हवं होतं. तो उठला नाही. कीबोर्डवर त्याने लिहिलं, ‘साफ केलेलं. ग्रेड नाही.’ खोटं लिहिता आलं नसतं असं नाही, पण मावशी हेच लिहिणार होती, तिसराही हेच लिहिणार होता. आणि खरं सांगायचं तर खोटं लिहायचं त्याच्या बोटांना सुचलंसुद्धा नाही, ती आपल्या सवयीने चालून गेली, बैल घरी जातात तशी. लिहून झाल्यावर मात्र त्याला वाटलं, ही दोन वाक्यं आपण नाण्याबद्दल लिहिलीच नाहीत. त्याने ट्रे ढकलला आणि डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

“चेहरा बघा केवढा पांढरा पडलाय,” मावशी म्हणाली. “तुम्हालाही कुणी धुतलं की काय?”

बाहेर दुपार होती. दिव्याची सवय झालेल्या डोळ्यांना तो उजेड अंगावर आल्यासारखा झाला. दादाच्या घराकडे जाणाऱ्या बसमध्ये त्याला खिडकीशी जागा मिळाली आणि समोरच्या दांडीवरचा रंग कुठे कुठे उडाला आहे ते तो बघत राहिला. हात पडतात तिथे उडाला होता, बरोबर उंच माणसाच्या हाताच्या उंचीला. त्याची बायको एकदा म्हणाली होती, “तुम्ही माणसालाही कलतं करून बघता.” ती रागाने म्हणाली नव्हती. रागाने म्हणाली असती तर त्याने उत्तर दिलं असतं. त्याच्या घरात सगळं नीट होतं, कशावर ओरखडा नव्हता, आणि संध्याकाळी दोघं दोन खुर्च्यांवर बसत ती डबीत ठेवल्यासारखी. आपण दादाला काय सांगायला चाललो आहोत? तू बरोबर होतास, हे? ते सांगितलं की पुढचं विचारलं जाणारच. वहिनीने तुझं नाणं मारलं, हे? डबी वहिनीच्या पत्त्यावर जाणार, डबीवर ‘साफ केलेलं’ छापलेलं असणार, ती ते वाचणार. जिने आपलं तोंड धुतलं तिला हे कळायच्या आत तिथे पोचायचं, एवढंच त्याला कळत होतं. पोचून काय, ते कळत नव्हतं. बस थांबे घेत होती आणि प्रत्येक थांब्याला त्याला बरं वाटत होतं, अजून आलं नाही म्हणून.

दार वहिनीनेच उघडलं. ती इतकी लहान झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आधी तिने त्याला ओळखलं नाही, मग तोंडावर हात नेला. “अगंबाई! भावजी!” आणि लगेच आवाज खाली आणून, त्याला दारातच धरून, “पोचलं का हो?”

“तुम्ही पाठवलंत?”

“मग कोण? ह्यांना विचारलं, तर नुसते हं म्हणाले. म्हटलं, हो म्हणजे हो. आयुष्यभर त्या एका नाण्याचं चाललंय दोघांचं, आता एकदा होऊन जाऊ दे काय ते. तिथला माणूस म्हणाला, आत नाव कळत नाही बाई. म्हटलं नको कळू दे, आमचे भावजी ओळखतील.” ती हसली. “काळंमिट्ट झालं होतं पण! तसंच कसं पाठवायचं? तुमच्या ऑफिसातली माणसं काय म्हणाली असती, घरात बाई आहे की नाही? खायचा सोडा घेतला नि बसून छान उजळून काढलं. किती मार्क पडले?”

“दादाला भेटतो आधी,” तो म्हणाला.

“भेटा भेटा. चहा टाकते. फार बोलू देऊ नका त्यांना.”

दादा खिडकीजवळच्या पलंगावर तीन उशांना टेकून होता. पलंगाच्या पायथ्याशी एक यंत्र हवा ओढत होतं, सोडत होतं, आणि तिथून निघालेली नळी दादाच्या नाकाशी येत होती. दादाने त्याच्याकडे बघितलं, फार वेळ. तो उभाच राहिला.

“आलास, बारक्या.”

“आलो.”

“बस की. बसायला काय ग्रेड लागते?”

तो स्टुलावर बसला. स्वयंपाकघरात पातेलं वाजलं. दादाने त्या आवाजाकडे मान केली, मग डोळ्यांनीच त्याला जवळ बोलावलं.

“बंद पडलं ना चाक?”

“तुला माहीत होतं?”

“इथेच तर बसली होती घासत. तू बसलायस तिथे.” दादा थांबला, यंत्राचा एक फेरा होऊ दिला. “सोड्याचा वास आला तेव्हाच डोळे उघडले मी. नाकापर्यंतच झालं होतं.”

“मग थांबवलं का नाहीस तिला?” त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

दादा छताकडे बघत राहिला. “गुणगुणत होती रे,” तो म्हणाला. “नवी आली तेव्हा भांडी घासताना करायची बघ. हातात असेल त्यावर गाणं. तुला आठवायचं नाही.”

त्याला आठवलं. मोरीतून येणारा तो बारीक आवाज, हातातल्या भांड्याबरोबर बदलणारा. तांब्या असला तर तांब्याचं, ताट असलं तर ताटाचं. आत्या म्हणायची, ही भांडी घासते का निजवते.

“मी पडल्यापासून हे यंत्रच काय ते बोलतंय घरात,” दादा म्हणाला. “ती औषधाची वेळ सांगते, मी हं म्हणतो. त्या दिवशी एकदम तोंडातून आलं तिच्या. तिचं तिलाही कळलं नाही.” आणि दादाने, खोकल्याच्या कडेकडेने, आवाज न लावता, नुसते शब्द सांगितले:

घासते गं रूप, रूपात चांदणं,
लांब गेलं माझ्या, दिराचं नांदणं.

“आता एका नाण्यापायी तिचं तोंड बंद करू?” दादा म्हणाला. “पडून राहिलो डोळे मिटून. गाल गेला, मान गेली, गलबत गेलं. सगळं ऐकलं मी.”

यंत्राने हवा ओढली, सोडली. तो खाली मान घालून बसला होता. “दादा, झीज नव्हती.”

“माहीत आहे.”

“तू बरोबर होतास. कुसळंसुद्धा शाबूत आहेत.”

“माहीत आहे म्हटलं ना. एवढं सांगायला एवढा जिना चढून आलास?” पण दादाने हात पुढे केला होता, आणि तो त्याच्या गुडघ्यावर नुसता ठेवला होता, वजन नसलेला. “तिला सांगू नकोस.”

“डबीवर छापून येईल.”

“डबी तूच घेऊन ये ऑफिसातून. फोडून टाक वाटेत. नाणं नुसतं आण. तिला काय, तू सांगशील तो आकडा.”

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. कप तिने डाव्या हातानेच ठेवले. दोघांच्या तोंडांकडे तिने आळीपाळीने बघितलं, परीक्षेच्या निकालाला आलेल्या आईने बघावं तसं. “झाली का दिलजमाई? आता सांगा. किती?”

त्याने उभ्या आयुष्यात न बघता आकडा दिला नव्हता. मोह झाले होते, ओळखीची माणसं भेटायला आली होती, पण आकडा म्हणजे आकडा. आणि आता त्याच्या लक्षात आलं की तो हा आकडा बघूनच देणार आहे. मनात काळा थर तसाच ठेवून, चाक फिरतं ठेवून, दादाने बघितलं तसं बघून. “सहासष्ट,” तो म्हणाला.

“शंभरपैकी?” तिचा चेहरा पडला.

“सत्तरपैकी, वहिनी. सहासष्ट कुणाला मिळत नाहीत.”

“अगंबाई! सत्तरात सहासष्ट म्हणजे...” तिने दादाकडे वळून बघितलं. “ऐकलंत? तुमचं खरं झालं हो. आणि तुमचं खरं व्हायला माझं घासणं लागलं. तसंच काळं पाठवलं असतं तर दिले असते का त्यांनी?” दादा डोळे मिटून हं म्हणाला. ती उठली, कपाटाशी गेली आणि खालच्या फळीवरून पत्र्याचा एक डबा काढून आणला. “मग ही बाकीची पण उजळून ठेवते. सासऱ्यांच्या हातची आहेत, काळी पडून चाललीत नुसती. घासू ना हो?”

तिने झाकण उघडलं. भिंग नव्हतं, दिवा नव्हता, खिडकीतला दुपारचा ओशाळा उजेड तेवढा होता. तरी त्याला दिसलं. डब्यात वडिलांच्या हातची नाणी होती, वाटणीत दादाकडे राहिलेली, कुणी हात न लावलेली. निळी, तपकिरी, मोरपिशी, एकेकाच्या थराखाली तो उजेड जागा होता. त्याने दादाकडे बघितलं. काहीतरी बोल, असं त्याच्या तोंडावर आलं असावं, कारण दादाने डोळे उघडून त्याच्याकडेच बघितलं.

“घास,” दादा म्हणाला. मग जरा वेळाने, “त्यालाही दे एखादं.”

“खरंच की. बसलेच आहात, भावजी.” वहिनी सोड्याची वाटी आणि पाणी घेऊन आली, एक जुनं फडकं फाडून तिने दोन केली आणि डब्यातलं वरचं नाणं त्याच्या हातात दिलं. दाढीवाल्या कुठल्या राजाचं, लहानसं, निळं. ती स्वतः पलंगाच्या कडेला टेकली, एक घेतलं, सोडा लावला. त्याने आपलं नाणं नुसतं धरून ठेवलं होतं.

“असं काय चिमटीत धरताय, भाजल्यासारखं? अंगठा ठेवा चांगला.”

त्याने अंगठा ठेवला. राजाचं तोंड अंगठ्याखाली गेलं. धातू थंड होता, मग लवकरच थंड राहिला नाही. दादाने मान खिडकीकडे वळवली होती, पण कान इकडे होता, ते मानेच्या शिरेवरून कळत होतं. यंत्र श्वास घेत होतं, सोडत होतं. बराच वेळ वहिनीच्या फडक्याचाच आवाज येत राहिला. मग तिच्या ओठांतून काहीतरी सुरू झालं, दोन शब्द आले, थांबले, ती स्वतःशीच हसली आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं तिने. त्याने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि कडेपासून आत, लहान लहान वर्तुळं करत घासायला लागला. फडकं काळं होत गेलं.